ऑफिसात छोटा मासा पाळायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाच्या टेबलाजवळ एखादा छोटा मासा असावा असं पुष्कळांना वाटतं, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "कोणता मासा घेऊ?" हाच असतो. माझ्या मते तो प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी त्याची काळजी घेणारं माणूस ठरवावं, मग टाकी लावावी आणि ती तयार झाली की मासा आणावा. खालची उत्तरंही साधारण त्याच क्रमाने आहेत.

ऑफिस ही मासा ठेवायला योग्य जागा आहे का?

असू शकते, पण घरापेक्षा इथे एक मोठा फरक आहे. आठवड्याच्या 168 तासांपैकी ऑफिसात माणसं असतात ती जेमतेम 45 ते 50 तास. उरलेला सगळा वेळ मासा एकटा असतो. शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलेला पंप सोमवार सकाळपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून ऑफिसातल्या टाकीला माझी एकच कसोटी आहे: तीन दिवस कोणीही हात लावला नाही तरी आतला मासा ठणठणीत राहिला पाहिजे. पुरेसं पाणी, चालता फिल्टर, घट्ट झाकण आणि मोजके मासे असतील तर हे अवघड नाही.

काही ठिकाणी मात्र नादच सोडलेला बरा. रात्री मेन स्विच बंद करून जाण्याची पद्धत असेल, वारंवार कीटकनाशक फवारलं जात असेल, रंग किंवा सॉल्व्हंटची कामं त्याच खोलीत चालत असतील, किंवा रोज बसायची जागा बदलत असेल, तर तिथे मासा आणू नये.

परवानगी घ्यावीच लागते का?

हो, आणि ती फक्त वरिष्ठांची घेऊन भागत नाही. इमारतीची देखभाल पाहणाऱ्यांना सांगा, कारण वीज कधी बंद होते आणि फवारणी कधी होते हे त्यांनाच माहीत असतं. साफसफाई करणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून सांगा की टाकीच्या काचेवर कोणतंही क्लीनर मारायचं नाही आणि टाकीचा प्लग काढायचा नाही. शेजारी बसणाऱ्यांनाही विचारा. पंपाची सततची घरघर काहींना असह्य होते. शिवाय माशांच्या खाण्यात सुकवलेल्या लाल अळ्या असतात, ज्यांना ब्लडवर्म म्हणतात. त्यांच्या भुकटीची काही लोकांना खरोखरच ॲलर्जी असते. तशी शंका असेल तर ते खाद्य ऑफिसात आणूच नका.

सगळ्यांनी मिळून पाळला तर?

हौस सगळ्यांनी मिळून करावी, जबाबदारी मात्र एकाच्याच नावावर असावी. "आपल्या सगळ्यांचा मासा" म्हटलं की दोन गोष्टी घडतात. पाणी बदलायचं काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटतं, आणि खायला घालायची हौस मात्र प्रत्येकाला येते. ऑफिसातले मासे उपासमारीपेक्षा जास्त खाण्याने आणि त्यामुळे नासलेल्या पाण्याने अधिक दगावतात.

एक मुख्य माणूस ठरवा आणि तो रजेवर असेल तेव्हासाठी दुसरा. दोघांनाही पाणी बदलता आलं पाहिजे. खाद्याचा डबा खणात ठेवा, टाकीशेजारी नको. टाकीजवळ एक छोटी वही ठेवून तीत खाणं दिल्याची आणि पाणी बदलल्याची तारीख लिहा. वहीत आजची नोंद दिसली की तिसरा माणूस पुन्हा चिमूटभर टाकत नाही.

मुख्य माणूस नोकरी सोडून गेला तर मासा कोणाकडे जाणार, हेही पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. याचं उत्तर सापडत नसेल तर अजून मासा आणायची वेळ आलेली नाही.

गोल काचेचा बाऊल चालेल का?

नाही. बाऊलमध्ये पाणी थोडं असतं, त्यामुळे माशाच्या मलमूत्रातला अमोनिया झपाट्याने साठतो. फिल्टर आणि हीटर बसवायला जागा नसते. तोंड अरुंद असेल तर पाण्याचा हवेशी संपर्क कमी होतो आणि ऑक्सिजन कमी मिसळतो. खोलीतला एसी बंद-चालू झाला की तेवढ्याशा पाण्याचं तापमानही लगेच वरखाली होतं. बाऊल टेबलावर सुंदर दिसतो हे खरं आहे, पण त्यात राहायचं असतं माशाला.

मग टाकी केवढी घ्यावी?

एका बेटा माशासाठी, म्हणजे फायटरसाठी, मी 20 लिटरच्या खाली जाणार नाही. थव्याने राहणाऱ्या छोट्या माशांसाठी 40 लिटर किंवा त्याहून मोठी, आणि उंचीपेक्षा लांबी जास्त असलेली टाकी घ्यावी. नवख्या माणसाला वाटतं की टाकी लहान असली की काम कमी. प्रत्यक्षात उलट घडतं. पाणी जास्त असेल तर खाद्याचा एखादा दाणा जास्त पडला किंवा एखाद्या आठवड्यात पाणी बदलायचं राहिलं तरी ते सांभाळून घेतलं जातं. छोट्या टाकीत तीच चूक दुसऱ्या दिवशी माशाच्या अंगावर दिसते.

वजनाचा हिशेब मात्र करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच आणि खडी धरून 20 लिटरची टाकी सहज 25 किलोच्या पुढे जाते. डगमगणारं टेबल किंवा भिंतीतली फळी तिला पेलणार नाही. थेट ऊन येणारी खिडकी, एसीचा झोत, प्रिंटर आणि सतत उघडझाप होणारं दार या चारही गोष्टींपासून ती दूर असावी. तिच्या खाली किंवा अगदी शेजारी एक्स्टेंशन बोर्ड ठेवू नका. प्रत्येक वायर सॉकेटच्या पातळीखाली झोका घेऊन मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल.

कोणता मासा निवडावा?

एकच मासा हवा असेल तर बेटा. हा मूळचा थायलंड आणि आसपासच्या देशांतला, भातखाचरांत आणि दलदलीत राहणारा मासा. थायलंडने 2019 साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. त्याला एकटं राहायला आवडतं, किंबहुना दोन नर एकत्र ठेवले तर ते एखादा मरेपर्यंतही भांडू शकतात. साधारण 6 ते 7 सेंटिमीटर लांबी, दोन ते चार वर्षांचं आयुष्य आणि माणसाची चाहूल लागताच काचेपाशी येण्याची सवय, यामुळे ऑफिसात तो चांगला रमतो. त्याला 24 ते 28 अंश तापमान लागतं आणि जोराचा प्रवाह सहन होत नाही. लांब पिसारा असलेल्या नराला तर वेगाने पोहायलाही कष्ट पडतात, म्हणून फिल्टर मंद हवा. काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब सतत दिसत राहिलं तर तो फुगून भांडणाच्या पवित्र्यात राहतो आणि थकतो. तसं होत असेल तर टाकीतला दिवा थोडा मंद करा किंवा मागच्या काचेला गडद कागद लावा.

गप्पी सोपे, काटक आणि रंगीत. पण नर-मादी एकत्र ठेवले तर साधारण महिन्याभराने पिल्लं होतात. मादी एकदा मिळालेलं वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे दुकानातून आणलेली एकटी मादीसुद्धा पुन्हा पुन्हा पिल्लं देईल. ऑफिससाठी पाच-सहा नरच घ्यावेत.

हीटर लावायचा नसेल आणि खोली थंड राहत असेल तर व्हाइट क्लाउड मिनो पाहा. चीनमधला हा चिमुकला मासा 16 ते 22 अंशांत खूश असतो. मात्र त्याला सहा-सात जणांची सोबत लागते. निऑन टेट्रालाही थवाच हवा, आणि निऑन नव्या टाकीत टिकत नाहीत. टाकी काही महिने मुरली की मगच ते आणावेत.

आणखी एक पर्याय फारसा कोणी विचारात घेत नाही: मासाच नको, चेरी श्रिम्प घ्या. हे लाल रंगाचे छोटे गोड्या पाण्यातले झिंगे 20 लिटरच्या झाडं लावलेल्या टाकीत छान राहतात, शेवाळ खातात आणि शनिवार-रविवारी त्यांना आपली आठवणही होत नाही. ज्यांच्या कामात प्रवास जास्त आहे त्यांना मी हाच सल्ला देते.

गोल्डफिश का नको? तो तर सगळ्यात सोपा मानतात.

सोपा म्हणून त्याची ख्याती आहे आणि तीच त्याच्या जिवावर उठते. साधा गोल्डफिश 20 सेंटिमीटरच्या वर सहज वाढतो, नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. तो सतत खातो आणि त्यामुळे खूप घाणही करतो. दुकानात दिसणारं बोटाएवढं पिल्लू हे त्याचं बालपण असतं. "टाकी लहान ठेवली की मासा लहान राहतो" असं सांगितलं जातं, पण तशी खुंटलेली वाढ ही खराब पाण्याची आणि कुपोषणाची खूण असते. गोल्डफिशला मोठी टाकी किंवा बागेतलं तळं हवं. काच साफ करेल म्हणून विकला जाणारा सकरफिशही असाच: कित्येक जाती फूटभर वाढतात.

बेटा हवेतून श्वास घेतो ना? मग फिल्टर कशाला?

बेटाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचं एक इंद्रिय असतं आणि त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, हे खरं. पण त्यामुळे सुटतो तो ऑक्सिजनचा प्रश्न. अमोनियाचा प्रश्न तसाच राहतो. कल्ले आणि त्वचा तर त्याच पाण्यात असतात. भातखाचर उथळ असतं म्हणून बेटाला वाटीभर पाणी पुरतं, हाही गैरसमज आहे. खाचर उथळ असलं तरी दूरवर पसरलेलं असतं. हवा घेण्यासाठी पाण्याच्या वर तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा आणि झाकण लावायला विसरू नका. बेटा चांगली उडी मारतो आणि रात्री जमिनीवर पडलेला मासा ऑफिसात कोणालाच दिसत नाही.

फुलदाणीत वर झाड आणि खाली बेटा ठेवतात, ते कसं?

ठेवू नये. मासा झाडाची मुळं खाऊन जगतो असं सांगतात, पण बेटा मुळं खात नाही. तो किडे आणि डासांच्या अळ्या खाणारा मांसाहारी मासा आहे. शिवाय मुळांनी आणि झाडाने पृष्ठभाग झाकला गेला तर त्याला हवाही घेता येत नाही.

टाकी आणली, मासा त्याच दिवशी आणू का?

नको. या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो, आणि अमोनिया त्याच्यासाठी विष आहे. निसर्गात आणि जुन्या टाकीत काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटसुद्धा विषारीच, ते रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी करतं. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सहन करतात, आणि आपण पाणी बदलून ते बाहेर काढतो. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर चिकटून वाढतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच आणि पुरेसे व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळाला मासे पाळणारे सायकलिंग म्हणतात.

पद्धत अशी: टाकी भरा, फिल्टर आणि हीटर चालू करा, आणि मासा न ठेवता अमोनियाचा स्रोत द्या. सुगंध किंवा साबण नसलेला शुद्ध अमोनिया मिळाला तर तो लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत टाका, नाहीतर रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून ते कुजू द्या. दर दोन-तीन दिवसांनी थेंबांच्या टेस्ट किटने मोजा. आधी अमोनिया वाढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, शेवटी नायट्राइटही उतरून नायट्रेट दिसू लागेल. टाकलेला अमोनिया 24 तासांत शून्यावर येतो आणि नायट्राइटही शून्य दाखवतं, तेव्हा टाकी तयार. मोठं पाणी बदलून नायट्रेट कमी करा आणि मग मासा आणा.

एखाद्या ओळखीच्या माणसाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला ओला स्पंज मागून घ्या आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. वेळ खूप वाचतो. बाटलीतल्या जिवाणूंचा गुण येतोच असं नाही, म्हणून ते वापरले तरी मोजणं सोडू नका.

या महिनाभराचा ऑफिसात एक वेगळाच उपयोग होतो. रिकाम्या टाकीचं पाणी मोजायला आणि वही लिहायला कोण उरतं, ते या काळात कळून येतं. महिन्याभरात उत्साह मावळला तर कोणत्याही जिवाला इजा झालेली नसते.

नळाचं पाणी थेट चालतं का?

बहुतेक ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. दोन्ही कल्ल्यांना इजा करतात आणि फिल्टरमधले जिवाणू मारतात. नुसतं क्लोरीन असेल तर उघड्या बादलीत 24 तास ठेवल्यावर ते उडून जातं. क्लोरामाइन तसं जात नाही. म्हणून प्रत्येक वेळी वॉटर कंडिशनर म्हणजे अँटी-क्लोरीन वापरावं. कूलरचं आरओ पाणी शुद्ध आहे म्हणून तेच भरू नका. त्यात माशाला लागणारे क्षार फारच थोडे असतात आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, एकदम घसरू शकतो.

हीटर हवाच का?

बेटा, गप्पी आणि टेट्रा यांना ऑफिसात बहुधा हवाच. दिवसा एसी, रात्री एसी बंद, सुट्टीत पुन्हा बंद, अशी तापमानाची चढउतार घरात सहसा होत नाही. मासा थंड रक्ताचा असल्याने त्याची पचनशक्ती आणि रोगप्रतिकारशक्ती पाण्याच्या तापमानावर चालते. लिटरला साधारण एक वॉट हा ढोबळ हिशेब, म्हणजे 20 लिटरला 25 वॉटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर. वेगळा थर्मामीटर लावा, कारण हीटरवरच्या आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. पाणी काढण्याआधी हीटर बंद करा. पाण्याबाहेर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो.

खायला किती आणि कधी द्यायचं?

बेटाला दिवसातून एकदा किंवा दोनदा तीन-चार दाणे. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढंच असतं, हे लक्षात ठेवलं की हात आपोआप आखडतो. छोट्या माशांना मिनिटभरात संपेल एवढंच द्या आणि तळाशी पडलेलं काढून टाका. मासा काचेपाशी येऊन नाचतो म्हणजे भुकेला आहे असं नाही. माणूस आला की खाणं येतं हे तो शिकलेला असतो. पोळी, बिस्किट, फरसाण, डब्यातला भात यातलं काहीही टाकीत पडता कामा नये.

शनिवार-रविवारी उपाशी राहील ना?

निरोगी, वाढ झालेला मासा दोन दिवस न खाता आरामात राहतो. शुक्रवारी जास्तीचं टाकून जाऊ नका, नेहमीएवढंच द्या. पाण्यात विरघळणारे सुट्टीचे खाद्यठोकळे मिळतात, पण छोट्या टाकीत ते पाणी नासवतात. पिल्लांना मात्र रोज खावं लागतं, म्हणूनही ऑफिसात पिल्लं नकोत.

आणि पंधरा दिवस ऑफिस बंद असेल तर?

चार-पाच दिवसांपर्यंत काही करावं लागत नाही. त्याहून मोठ्या सुट्टीत कोणीतरी दोन-तीन दिवसांनी यायला हवं. औषधाच्या गोळ्यांच्या डबीत किंवा कागदाच्या पुड्यांत एकेका वेळचं खाद्य बांधून त्यावर तारीख लिहा. खाद्याचा मोठा डबा त्याच्या हाती देऊ नका, प्रेमापोटी तो जास्तच घालेल. स्वयंचलित फीडर वापरणार असाल तर सुट्टीआधी आठवडाभर चालवून पाहा. दमट हवेत त्यात खाद्य चिकटून बसतं.

पाणी किती बदलायचं?

दर आठवड्याला 20 ते 30 टक्के. 20 लिटरच्या टाकीत चार ते सहा लिटर, म्हणजे एक छोटी बादली. सगळं पाणी काढून टाकी घासून धुण्याची सवय सोडा. त्यात जिवाणू जातात आणि माशाला तापमानाचा व पाण्याचा धक्का बसतो. सायफनने तळातली घाण ओढा, पण तोंडाने नळी ओढून नको. नवं पाणी कंडिशनर घालून, टाकीच्याच तापमानाचं, हळूहळू ओता.

फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा काढलेल्या पाण्यात पिळून घ्या. नळाखाली कधीच धुऊ नका.

बादली, नळी आणि जाळी टाकीसाठीच वेगळी ठेवा आणि बादलीवर तसं लिहा, म्हणजे तिच्यात कोणी फरशी पुसायचं औषध कालवणार नाही. ऑफिसच्या पँट्रीत, जिथे चहाचे कप धुतले जातात तिथे, टाकीचं पाणी ओतू नका. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जिवाणू टाकीच्या पाण्यातून जखमेत शिरून त्वचेचा चिवट संसर्ग करतो. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. टाकीत हात घालण्याआधी मात्र सॅनिटायझर आणि हँडक्रीम पूर्ण धुतलेलं हवं.

दिवा दिवसभर चालू ठेवायचा का?

सहा ते आठ तास पुरे. टायमर लावा. माशांना पापण्या नसतात पण झोप असते, आणि तिला अंधार लागतो. जिथे रात्रपाळी चालते तिथे टाकीवर गडद कापड टाका. जास्त उजेडाने शेवाळही माजतं. अनुबियास, जावा फर्न आणि जावा मॉस ही झाडं मंद उजेडात जगतात. अनुबियासचं आडवं खोड मातीत पुरू नका, कुजतं. त्याला दगडाला किंवा लाकडाला बांधा.

रूम फ्रेशनर, परफ्यूम, फवारणी यांनी काही होतं का?

होतं. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो आणि बेटा तर तीच हवा थेट घेतो. टाकीजवळ कोणताही स्प्रे नको. सगळ्यात मोठा धोका कीटकनाशकांचा. झुरळं-डासांसाठी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं माशांना आणि झिंग्यांना अत्यंत कमी प्रमाणातही मारक असतात. फवारणीची तारीख आधी विचारून घ्या आणि शक्य असेल तर मासा दोन दिवस घरी न्या. हलवणं अशक्यच असेल तर एअर पंप बंद करून टाकी प्लास्टिक आणि ओल्या टॉवेलने झाका, आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच उघडा.

वीज गेली तर?

मोजके मासे असलेली टाकी काही तास सहज काढते. खाणं देऊ नका. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप ठेवला तर उत्तम. फिल्टर खूप तास बंद राहिला असेल तर आतलं पाणी सडलेलं असतं, म्हणून स्पंज टाकीतून बाहेर काढलेल्या पाण्यात पिळून मगच फिल्टर चालू करा.

लोक काचेवर टकटक करतात. त्रास होतो का?

हो. माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातला सूक्ष्म कंपही टिपते. एक ठळक चिठ्ठी लावा. आत झाडं आणि लपायला एखादी जागा असेल तर मासा अधिक निर्धास्तपणे बाहेर वावरतो.

दुकानात मासा कसा पारखावा?

पर पसरलेले, डोळे स्वच्छ, पोट ना खपाटीला गेलेलं ना फुगलेलं, आणि जवळ गेल्यावर हालचाल करणारा. त्याच टाकीत एखादा मेलेला किंवा ठिपके आलेला मासा दिसला तर तिथून काहीच घेऊ नका. कपात अर्धमेला पडलेला बेटा पाहून जीव कळवळतो, पण आजारी मासा बरा करायला लागणारा वेळ आणि लक्ष ऑफिसात देता येत नाही. शक्यतो सोमवारी आणा, म्हणजे पहिले पाच दिवस तो नजरेसमोर राहील.

आणल्यावर दिवा बंद करा आणि बंद पिशवी 15 ते 20 मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग दर पाच मिनिटांनी थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाला. शेवटी जाळीने फक्त मासा टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी नाही. पहिल्या दिवशी तो खाणार नाही, द्यायचंही नाही.

आजारी पडला हे कसं ओळखायचं?

पर अंगाला चिकटवून तळाशी बसणं, खाणं सोडणं, पृष्ठभागाशी धापा टाकणं, परांच्या कडा झडणं, खवले उभे राहणं. औषध शोधण्याआधी पाणी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. नसतील तर लगेच 30 ते 50 टक्के पाणी बदला. निम्मे "आजार" इथेच उतरतात.

मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो इक नावाचा परजीवी. त्यावरचं औषध परजीवी पाण्यात मोकळा पोहत असतानाच लागू पडतं, म्हणून ठिपके गेले तरी सांगितलेले सगळे दिवस औषध पूर्ण करा. तांबं असलेली औषधं झिंगे आणि गोगलगायींना मारतात. माशांचं जाणणारा पशुवैद्य जवळपास असेल तर त्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

नकोसा झाला किंवा पिल्लं वाढली तर जवळच्या तळ्यात सोडू का?

अजिबात नाही, नाल्यातही नाही. परका मासा तिथे एकतर हाल होऊन मरतो, नाहीतर तगतो आणि स्थानिक माशांचं खाद्य आणि अंडी फस्त करतो. गप्पी आणि गोल्डफिश असेच सोडले गेले आणि जगात कित्येक ठिकाणी उपद्रवी ठरले. रोगही सोबत जातात. दुसरा पाळणारा शोधा किंवा दुकानदाराला परत घेण्याची विनंती करा. छाटलेली झाडंसुद्धा वाळवून कचऱ्यात टाका.

मेला तर काय करायचं?

बाहेर काढून कागदात गुंडाळा आणि कुंडीत खोल पुरा किंवा कचऱ्यात द्या. संडासात टाकून फ्लश करू नका, आणि जिवंत आजारी मासा तर कधीच नाही. रात्रीतून गुपचूप तसाच दिसणारा दुसरा आणून ठेवणं मला पटत नाही. ज्यांनी त्याची काळजी घेतली त्यांना सांगा. मग पाणी मोजा, वही चाळा, कारण सापडेपर्यंत नवा मासा आणू नका. या काळात जिवाणू टिकावेत म्हणून फिल्टर चालू राहू द्या आणि रोज चिमूटभर खाद्य टाका.

ऑफिस हलणार आहे किंवा मासा घरी न्यायचा आहे. कसा नेऊ?

आदल्या दिवशी खाणं बंद. पिशवीत एक तृतीयांश टाकीचं पाणी आणि दोन तृतीयांश हवा ठेवून ती दुहेरी बांधा, आणि उन्हापासून दूर, जाड कापडात किंवा थर्माकोलच्या डब्यात ठेवा. दोन मासे असतील तर दोन पिशव्या, बेटासाठी तर नक्कीच. स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून, वेगळ्या उघड्या डब्यात न्या. तो वाळला तर सहा आठवड्यांची मेहनत गेली. पाणी भरलेली टाकी कधीही उचलू नका, सांधे सुटतात. नव्या जागी आधी टाकी, मग पाणी, मग फिल्टर आणि हीटर. तापमान जुळलं की सगळ्यात शेवटी मासा. पुढचे सात-आठ दिवस रोज अमोनिया मोजा आणि खाणं निम्मं ठेवा.